मोबाइलवरच्या खेळांचेही परीक्षण छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची, नाटकांची आणि चित्रपटांची परीक्षणे नियमित येतात. देवगडसारख्या ठिकाणी राहून कोणते पुस्तक मागवावे आणि कोणते मागवू नये, हे मी कित्येक वर्षे त्या परीक्षणांवरूनच ठरवत आलो आहे. मोबाइलवरच्या खेळांविषयी मात्र आपल्या पानांवर दोनच प्रकारचा मजकूर दिसतो. कुठल्या तरी मुलाने आईवडिलांच्या खात्यातले पैसे खेळात घालवल्याची बातमी असते, नाहीतर मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा असे सांगणारा लेख असतो. दोन्ही छापणे गरजेचे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या घरात फोन मुलाच्या हाती जातोच, त्या घराला यातले खेळण्याजोगे काय आहे हे कोणी सांगायचे? गाड्यांच्या शर्यतींचे आणि मारामारीचे खेळ मुले सर्वाधिक मागतात आणि नेमक्या त्याच खेळांविषयी पालकांना सर्वांत कमी माहिती असते, म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यापुरते लिहीत आहे.

माझे मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. फुटलेला डिस्प्ले बदलणे, सैल झालेली चार्जिंगची पिन बसवणे, फुगलेली बॅटरी काढणे हे रोजचे काम. गाड्यांचे खेळ खेळणाऱ्या मुलाच्या घरातला फोन मी न विचारता ओळखतो. टेम्पर्ड काच उजेडात तिरकी धरली की एकाच लांब कडेला, वरच्या आणि खालच्या कोपऱ्याजवळ, अंगठ्याएवढे दोन धुरकट ठिपके दिसतात. फोन आडवा धरल्यावर अंगठे तिथेच येतात, आणि गॅसच्या, म्हणजे वेग वाढवण्याच्या, बाजूचा ठिपका ब्रेकच्या बाजूच्या ठिपक्याहून नेहमी अधिक झिजलेला असतो. असा फोन दुरुस्त करून परत देताना बरोबर आलेली आई हमखास म्हणते, "भाऊ, झिलाक खेळाक बरोसो एक गेम घालून दी, पण पैसे कापणारो नको." या एका वाक्यात खेळाच्या परीक्षणाची निम्मी कसोटी आली आहे. उरलेली निम्मी आमच्या किनाऱ्याने शिकवली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. आंब्याची कलमे मुळासकट पडली, विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले आणि वीज व नेटवर्क कित्येक दिवस आले नाही. शेजारचा एक मित्र जनरेटरवर फोन चार्ज करून देत असे. त्या दिवसांत आमच्या पडवीत वाडीतली सात-आठ मुले जमत. मोठी माणसे कौले चढवण्यात गुंतलेली, आणि मुले एकाच फोनभोवती बसून आळीपाळीने 'हिल क्लाइंब रेसिंग' खेळत. बाकीच्या फोनवरचे दिमाखदार खेळ उघडतच नव्हते, नेटची वाट पाहत नुसते गोल फिरत होते. हा एक खेळ मात्र नेटविना चालू होता.

फिनलंडमधल्या औलू शहरातल्या फिंगरसॉफ्ट या कंपनीचा हा खेळ २०१२ मधला आहे. म्हणजे मोबाइलच्या हिशेबाने तो म्हातारा झाला, पण मला विचाराल तर पहिला खेळ म्हणून आजही मी तोच घालून देतो. त्यात दोनच पेडले आहेत, डावीकडे ब्रेक आणि उजवीकडे गॅस. चढ-उताराच्या रस्त्यावरून एक लहान गाडी पेट्रोल संपण्यापूर्वी जितकी लांब जाईल तितकी न्यायची, एवढाच खेळ. नवखा मुलगा गॅस दाबूनच ठेवतो. चढावर गाडीचे तोंड उचलते, गाडी मागे उलटते आणि ड्रायव्हरचे डोके आपटून खेळ संपतो. चार-पाच वेळा असे झाल्यावर त्याच्या लक्षात येते की चढाच्या माथ्यावर गॅस सोडायचा असतो, आणि गाडी हवेत असताना गॅसने तोंड वर येते तर ब्रेकने खाली येते. दहा वर्षांच्या एका मुलीला हे उमगले तो क्षण मी पाहिला आहे. तिने हवेतल्या गाडीला ब्रेक लावला, चाके उताराला समांतर आणली आणि गाडी अलगद टेकवली. तिला ते कोणी सांगितले नव्हते आणि कुठे लिहिलेलेही नव्हते. पडवीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगला खेळ कोणता, याचे उत्तर मला त्या टाळ्यांत मिळाले: जो हाताला काही शिकवतो आणि शिकलेले लगेच वापरू देतो, तो.

या खेळात जाहिराती येतात आणि नाणी विकत घेण्याची सोयही आहे, हे सांगितलेच पाहिजे. फोन विमान मोडवर टाकून खेळल्यास जाहिरातींचा त्रास जवळजवळ राहत नाही, आणि विकतच्या नाण्यांवाचून खेळ कुठे अडत नाही.

जाहिरातही नको आणि खरेदीही नको, असे म्हणणाऱ्याला मी 'डेटा विंग' सुचवतो. डॅन व्होग्ट या एका माणसाने २०१७ मध्ये हा खेळ आणला. तो फुकट आहे, त्यात एकही जाहिरात नाही आणि विकत घेण्यासारखे काही नाही. पडद्यावर एक लहानसा त्रिकोण असतो. तो डावी-उजवीकडे वळवायचा आणि त्याची शेपटी भिंतीजवळून घासत न्यायची, म्हणजे भिंतीच्या आधाराने त्याला जोराचा रेटा मिळतो. इतर शर्यतींत भिंतीला लागले की वेग जातो, इथे भिंतीशी सलगी करण्यातच वेग आहे, आणि ही उलटी गोष्ट अंगवळणी पडताना फार आनंद होतो. दोन-अडीच तासांत सारी कथा संपते. संपणारा खेळ ही मोबाइलवर आता दुर्मीळ चीज झाली आहे. त्यातले इंग्रजी संवाद आमची सातवी-आठवीतली मुले अडखळत वाचतात, अर्थ विचारतात, हा आणखी एक लाभ.

मासेमारी बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि तरुण खलाशी माझ्या दुकानात येऊन बसतात. त्यांच्यासाठी मी 'रिपटाइड जीपी: रेनेगेड' ठेवला आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हेक्टर युनिट या लहान कंपनीने २०१६ मध्ये काढलेली ही पाण्यावरची शर्यत आहे. तिच्यातल्या लाटा प्रत्येक फेरीत वेगळ्या उठतात, त्यामुळे वाट पाठ करून जिंकता येत नाही. एका तांडेलाच्या (होडीवरच्या मुख्य खलाशाच्या) मुलाने पहिल्याच बैठकीत माझा विक्रम मोडला. कसे जमले असे विचारले, तेव्हा तो म्हणाला की लाट समोरून घ्यायची आणि तिच्या माथ्यावरून उतरताना जोर लावायचा, आडवी घेतली तर होडीसुद्धा कलंडते. परक्या देशात बसून हा खेळ रचणाऱ्यांनी पाण्याकडे नीट पाहिले असले पाहिजे, नाहीतर देवगडच्या खलाशाचे ज्ञान तिथे चालले नसते. याच कंपनीचा २०१४ चा 'बीच बग्गी रेसिंग' हा लहान मुलांसाठी रंगीत आणि निरुपद्रवी आहे.

घाटात वाढलेल्यांनी 'रश रॅली ३' पाहावा. हा २०१९ मधला खेळ एकदा पैसे देऊन घ्यायचा आहे. रॅलीत शेजारी बसलेला सहकारी पुढचे वळण किती तीव्र आहे ते आधीच ओरडून सांगतो, आपण ते ऐकून गाडी वळवायची. पूर्वी आंबा घाटात ट्रकवरचा किन्नर दाराबाहेर डोके काढून ड्रायव्हरला असेच सांगत असे. चिखल, बर्फ, डांबर यांवर गाडी निरनिराळी घसरते आणि ब्रेक कुठे लावायचा याला खरी किंमत येते.

याउलट ज्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत त्या 'अस्फाल्ट' मालिकेविषयी माझे मत तितके चांगले नाही. गेमलॉफ्टच्या या मालिकेतला २०१८ चा 'अस्फाल्ट ९' (२०२४ पासून 'अस्फाल्ट लेजंड्स युनाइट') डोळ्यांना दिपवतो. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी अशा खऱ्या कंपन्यांच्या गाड्या हवेत गिरक्या घेतात. पण त्याला दोन जीबीहून अधिक जागा लागते, नेट लागते आणि तीन जीबी रॅमच्या फोनची पाठ त्याने अर्ध्या तासात इतकी तापते की कव्हर काढून ठेवावे लागते. गाडी आपोआप वळवण्याची सोय सुरू केली की मुलाच्या अंगठ्याला फारसे कामही उरत नाही.

एका खेळाविषयी मात्र मला काळजीने लिहावेसे वाटते. 'ट्रॅफिक रायडर' हा २०१६ मधला मोटारसायकलचा खेळ आमच्या भागात फार खेळला जातो. खेळ म्हणून त्याची बांधणी उत्तम आहे. हँडल आपल्याच हातात असल्यासारखे दिसते, इंजिनाचा आवाज खऱ्यासारखा येतो, साध्या फोनवरही तो सुरळीत चालतो. पण त्यात गुण कशाला मिळतात ते पाहा. ताशी १०० किलोमीटरच्या वर असताना दुसऱ्या वाहनाला घासून पुढे गेले की जादा गुण, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने उलटे गेले की जादा गुण, पुढचे चाक उचलले की जादा गुण. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी वेगळे सांगायला नको. हा खेळ खेळल्यामुळे कोणाचा अपघात झाला असा माझा दावा नाही, आणि तसे सिद्ध करण्याचे साधनही माझ्याकडे नाही. पण ज्या वयात मुलगा वडिलांच्या मोटारसायकलची किल्ली मागू लागतो, त्या वयाच्या मुलाच्या फोनमध्ये मी हा खेळ घालून देत नाही, त्याच्या घरच्यांना कारण सांगतो आणि गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालवून घेतो. 'हिल क्लाइंब'मध्ये बेफिकीर मुलगा हरतो. इथे बेफिकिरीला बक्षीस आहे. परीक्षण लिहिणाऱ्याने खेळातले चित्र किती सुंदर आहे हे पाहण्याआधी तो खेळ बक्षीस कशाला देतो ते पाहावे, असे मला वाटते.

मारामारीच्या खेळांत 'शॅडो फाइट २' मला आवडतो. त्यातली माणसे सावलीसारखी काळी आहेत, त्यामुळे रक्ताचे प्रदर्शन होत नाही आणि लाथेचा, ठोशाचा पवित्रा स्वच्छ दिसतो. समोरचा कधी वाकतो, कधी पुढे झेपावतो हे पाहून वेळ साधावी लागते. फुकटच्या आवृत्तीत काही लढतींनंतर थांबावे लागते आणि पुढे पुढे शत्रू इतके बळकट होतात की हात आपोआप खरेदीकडे वळतो. एकदाच पैसे देऊन घ्यायच्या 'स्पेशल एडिशन'मध्ये जाहिरातीही नाहीत आणि हे थांबणेही नाही, म्हणून ज्याला परवडते त्याने तीच घ्यावी.

कॉलेजातल्या मुलांसाठी 'डेड सेल्स' हा माझ्या पाहण्यातला सर्वांत कसदार ॲक्शन खेळ आहे. तो लहानांसाठी नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मोशन ट्विनने तो तयार केला, २०१९-२० मध्ये तो फोनवर आला आणि एकदा विकत घेतला की मूळ खेळासाठी पुन्हा पैसे मागत नाही. मरण आले की पुन्हा पहिल्या कोठडीपासून सुरुवात करायची, आणि वाटा दर वेळी बदललेल्या असतात, तरीही प्रत्येक वेळी आपण चार पावले पुढे जातो, कारण हात सुधारलेला असतो. मोशन ट्विन ही कामगारांनी चालवलेली सहकारी संस्था आहे, असे वाचल्यावर सहकारात वाढलेल्या माझ्या मनाला विशेष समाधान वाटले.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गोळीबाराच्या खेळाविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण मुले मागतात तो पहिला खेळ तोच. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर केंद्र सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तो खेळ बीजीएमआय या नावाने भारतासाठी आणला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा त्यात ठेवली आहे. तीन तास ही मर्यादा मला फारच सैल वाटते, पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. शंभर खेळाडूंचा हा डाव अर्धा तास चालू शकतो आणि मध्येच ठेवता येत नाही. आईने जेवायला हाक मारली, की मुलगा एकीकडे आई आणि दुसरीकडे चौघांच्या चमूतले तीन मित्र यांच्यामध्ये सापडतो. घराघरांतली निम्मी भांडणे इथून उठतात. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की डाव गेला आणि मित्रांचा रागही पदरी आला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदके दिली गेली, तेव्हा याच खेळाची जी खास आवृत्ती वापरली, तिच्यात खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते. गाड्या पळवत टप्पे गाठायचे आणि वाटेतल्या निशाण्यांवर नेम धरायचा, अशी ती रचना होती. म्हणजे मनात आणले तर तोच खेळ वेगळा करता येतो.

आता पैशांचे. माझा भाचा गणपतीला गावी आला असताना माझ्या पत्नीच्या फोनवर गाड्यांचा एक खेळ खेळत होता. त्या खेळाचे नाव इथे लिहीत नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याने सगळ्या शर्यती जिंकल्या. मग एक शर्यत अशी आली, की कितीही चांगली गाडी चालवली तरी समोरचा शेवटच्या वळणावर पुढे जायचाच, आणि हरल्याबरोबर पडद्यावर नवी गाडी यायची, खाली उलटे घड्याळ चालू असायचे: सवलत संपायला दोन तास. त्याने चारशे नव्याण्णव रुपयांची खरेदी तीनदा केली. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक होता, कारण दुधाचे पैसे देण्यासाठी आम्हीच त्याला तो सांगितला होता. चूक कळल्यावर ते बारा वर्षांचे पोर आरतीच्या वेळी मागच्या पडवीत जाऊन रडत बसले होते. मी त्याला रागावलो नाही. ती शर्यत मी स्वतः रात्री जागून वीस वेळा खेळून पाहिली आणि माझी खात्री झाली, की फुकटच्या गाडीने ती जिंकता येऊच नये अशीच ती आखलेली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले, त्याचे मी मनापासून स्वागत केले. भाच्याच्या खेळासारखे खेळ त्यात येत नाहीत, कारण तिथे जिंकून पैसे मिळायचे नसतात, फक्त द्यायचे असतात. म्हणून ही पारख पालकांनाच करावी लागते. खेळ उतरवून घेण्यापूर्वी प्ले स्टोअरवर त्याच्या नावाखाली जाहिराती आहेत का आणि आत खरेदी आहे का हे लिहिलेले असते, ते वाचावे. प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सेटिंग सुरू ठेवावी. आणि पहिला अर्धा तास मुलाशेजारी बसून स्वतः खेळावे, हे सर्वांत महत्त्वाचे.

परंतु प्रत्येक आईला हे जमेल असे नाही, आणि माझ्यासारख्या दुकानदाराची पोच चार वाड्यांपलीकडे नाही. म्हणून आपणास विनंती आहे, की पुरवणीत महिन्यातून दोनदा का होईना, मोबाइलवरच्या दोन-तीन खेळांचे परीक्षण छापावे. लिहिणाऱ्याने तो खेळ आठ-दहा हजार रुपयांच्या फोनवर, निदान आठवडाभर खेळलेला असावा. नेटविना चालतो का, किती जागा खातो, मध्येच थांबवता येतो का, पैसे कुठे आणि कसे मागतो, आणि खेळणाऱ्याला बक्षीस नेमके कशाचे देतो, हे त्यात स्पष्ट यावे. खेळ चांगला असेल तर पुस्तकाची करतात तशी मोकळ्या मनाने स्तुतीही करावी.

मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी हे सदर सुरू झाल्यास, प्रत्येक अंकातले ते कात्रण मी दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली, जिथे आया फोन ठेवतात तिथे, लावून ठेवीन.

आपला नियमित वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग